तुलनेचा तारा

माझं काम सांगायला सोपं आहे. एका ताऱ्याकडे पाहायचं, त्याच्या शेजारच्या ताऱ्याकडे पाहायचं, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा किती उजळ किंवा मंद आहे ते लिहून ठेवायचं. पुढच्या निरभ्र रात्री पुन्हा तेच. पावसाळ्यात थांबायचं आणि दसऱ्यानंतर परत सुरू करायचं. अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत मी हे चोवीस वर्षं केलं, अजून करतो. पगार शिकवण्याचा मिळतो.

संपादकांनी मला आकाशातल्या गमती लिहायला सांगितलं होतं. एक गंमत सांगतो, पण मला मुख्यतः एका चुकीबद्दल लिहायचं आहे. ती मी केली आणि भोगली दुसऱ्या माणसानं.

आधी धंद्याबद्दल थोडं. सूर्यावर डाग असतात हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. सूर्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र जिथे पृष्ठभागातून वर निघतं तिथे खालची उष्णता वर यायला अडते. ती जागा आजूबाजूपेक्षा थंड राहते, म्हणून काळसर दिसते. तोच डाग. डाग काही वर्षं वाढत जातात, मग कमी होतात, मग परत वाढतात. एका फेरीला साधारण अकरा वर्षं लागतात. इतर ताऱ्यांनाही अशा फेऱ्या असतात. कुणाची लहान, कुणाची मोठी, कुणाची काही ठरलेलीच नाही. त्यांच्यावरचे डाग आपल्याला दिसत नाहीत, कारण तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. पण डाग वाढले की तो ठिपका किंचित मंद होतो. शंभरातला एखादा भाग, पुष्कळदा तेवढाही नाही. तो फरक वर्षानुवर्षं पकडत राहायचा.

मी कामाला लागलो त्या सुमारास एक नवीनच भानगड समोर आली होती. काही ताऱ्यांभोवती गुरूएवढे ग्रह सापडत होते आणि तेही ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे. आपल्या बुधाला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळपास तीन महिने लागतात. हे ग्रह तीन-चार दिवसांत फेरी संपवतात. एवढं धूड एवढ्या जवळून फिरत असेल तर ताऱ्याच्या चुंबकीय फेरीवर त्याचा काही परिणाम होतो का? ती लवकर पुरी होते, लांबते, की विस्कटते? मोठ्या दुर्बिणींकडे एका ताऱ्यासाठी इतकी वर्षं नसतात. लहान दुर्बिणीकडे असतात. आमच्या कॉलेजच्या गच्चीवर चौदा इंचांची दुर्बीण होती आणि तिच्याकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं. मी असा एक ग्रहवाला तारा धरला. सूर्यापेक्षा थोडा लहान, थोडा नारिंगी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.

त्या वर्षांत वऱ्हाडात भारनियमन भयंकर होतं. गाव अंधारात, म्हणजे आकाश उत्तम. पण दुर्बीण विजेवर चालायची. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर भाऊराव यांनी त्यावर ट्रॅक्टरची बॅटरी आणून बसवली.

"ही चालेल का, भाऊराव?"

"हिच्यावर टॅक्टर चालू होते, तं तुमची नळी काहून नाई चालू होनार?"

चालली. पुढची सगळी वर्षं त्याच बॅटरीवर निघाली.

त्याच काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्यात बाहेरच्या गाड्या येत होत्या. समित्या, पत्रकार, कॅमेरेवाले. आम्हा प्राध्यापकांनाही फॉर्म देऊन गावोगाव पाठवलं होतं. मी दर्यापूरकडच्या तीन गावांत ते फॉर्म भरले. शेवटचा प्रश्न प्रत्येक घरात मान खाली घालून वाचला. त्या घरांबद्दल मी इथे लिहिणार नाही, तो माझा अधिकार नाही. परत आल्यावर दुर्बिणीवरचं पत्र्याचं छप्पर सरकवताना लाज वाटायची, एवढं मात्र लिहितो.

आता ती गंमत. एकदा शेंदूरजनाघाटचे एक संत्रा बागाईतदार विचारत विचारत आमच्या स्टाफरूमपर्यंत आले. पांढरा शर्ट, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र.

"सर, पेपरात आलं व्हतं, सूर्यावर डाग वाढले का पान्यात फरक पडते म्हने. तुमी तेच पाह्यता ना?"

"मी दुसऱ्या ताऱ्यांचे पाहतो. सूर्याचे पाहणारे वेगळे."

"सूर्य सोडून दुसऱ्याचे? काहून? आपल्याले ऊन तं हाच देते."

त्यांना चहा सांगितला.

"मंग यंदा आंबिया धरू का मिरग, तेवढं सांगा."

संत्र्याला वर्षात दोन मोठे बहार घेता येतात. थंडी सरताना येणारा आंबिया आणि पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा मृग. झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि दोहोंतला एक धरायचा. पावसानं दगा दिला तर वर्ष वाया. म्हणजे त्यांचा प्रश्न माझ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"अंदाज?"

"अंदाजही नाही. डागांवरून इथला पाऊस सांगता येईल असं कुणी पक्कं दाखवलेलं नाही."

त्यांनी चहा संपवला. "इतके वर्सं पाहून राह्यले अन् मालूम नाई म्हन्ता. आमच्याकडं तं औषधाचा दुकानदार दोन मिनटात सांगते काय मारा म्हनून." मग उठताना म्हणाले, "पन बरं केलं. आता घरीच ठरवतो."

पुढच्या फेब्रुवारीत कॉलेजात संत्र्यांची एक पेटी आली. मृगाची फळं त्याच सुमारास उतरतात, म्हणजे मृग धरला असणार आणि साधला असणार.

त्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणताना मला काहीच जड गेलं नाही. तिथे माझं काही अडकलेलं नव्हतं.

नुसरत अंजुम शेख युसूफ ही माझी पीएच.डी.ची पहिली विद्यार्थिनी. मूळची अकोल्याची. वडिलांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. अमरावतीला ती तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायची. रात्रीचे फोटो मी आणि भाऊराव काढत असू, मोजणं नुसरतकडे. सकाळी दहाला यायची, आदल्या रात्रीची सीडी लावायची आणि प्रत्येक फोटोतल्या ठरलेल्या ताऱ्यांचा प्रकाश मोजून तक्त्यात भरायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात कंटाळा चालत नाही. एकदा तिनं मला सांगितलं की सोमवारपासूनच्या फोटोंत सगळे तारे जरा लांबट दिसतायत. भाऊरावांनी जाऊन पाहिलं तर दुर्बिणीच्या पायाचा एक बोल्ट ढिला झाला होता. मी ते फोटो रोज पाहत होतो. मला दिसलं नव्हतं.

तुलनेचा तारा म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. हवा रोज सारखी नसते. कधी धूळ असते, कधी ओल, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतातल्या कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या पेटल्या की धूर. त्यामुळे तारा एकटा मोजून उपयोग नसतो. त्याच फोटोतला एखादा न बदलणारा शेजारी घेऊन त्याच्याशी तुलना करायची. धुरानं दोघेही सारखेच मंद होतात, त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो. तो शेजारी म्हणजे काट्यावरचं वजन. वजनच खोटं असेल तर खोट मालात दिसते.

म्हणून नियम असा की असे शेजारी निदान दोन घ्यावेत आणि ते एकमेकांशीही ताडून पाहावेत. आम्ही दोन घेतले होते. त्यांना अ आणि ब म्हणू.

पाच हंगाम झाले तेव्हा नुसरतनं सगळ्या सरासऱ्या काढून आलेख माझ्या टेबलावर ठेवला. अ च्या तुलनेत आमचा तारा आधी मंद होत गेला होता आणि मग हळूहळू उजळला होता. छान, गुळगुळीत लाट. चारेक वर्षांची फेरी, म्हणजे सूर्याच्या जवळपास तिप्पट वेगानं. ग्रहानं ताऱ्याला हाकलल्यासारखी. मी तो कागद कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नाही.

"ब चं काय?" मी विचारलं.

"ब चं काही खरं नाही, सर. आज वर, उद्या खाली. त्याच्यासोबत काहीच धड निघत नाही."

"तांबडा तारा आहे. तांबडे असेच बेभरवशाचे असतात. सोडून दे त्याला."

"मग एकटा अ राहतो."

"राहू दे. अ शांत आहे."

"शांत आहे, हे कोनासोबत ताडून ठरवलं आपण?"

मी हसलो असेन. तिनं फाइलीतून दुसरा कागद काढला. "हे अ अन् ब ची आपसातली तुलना. आपला तारा यात नाहीच."

"बरं मग?"

"गोंधळ आहे खूप. पन वर्षाची सरासरी घेतली का खाली तीच लाट निघून राहिली. आपला तारा यात नाही, सर. मग लाट कुठून आली?"

कुणालाही कळेल असा प्रश्न होता. मलाही कळला. मी म्हणालो, "त्या गोंधळात कुणालाही काहीही दिसेल."

"कोपऱ्यात एक मंद तारा आहे, त्याला क म्हणा. निम्म्याच फोटोंत येतो, पन येतो. मला चार महिने द्या. पाचही वर्षांचा मोजून आणते."

चार महिने मी दिले नाहीत. बाहेर दोन ठिकाणी असंच काम चाललं असल्याचं कानावर होतं आणि ते आधी छापतील ही भीती होती. माझ्या बढतीची मुलाखत जवळ येत होती. ही कारणं खरी आहेत. पण क मोजला तर लाट जाईल, हे मला तेव्हाच वाटलं होतं, म्हणून मला तो मोजायला नको होता. हे कारण मी आजवर कुठे सांगितलेलं नाही.

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव नुसरतचं, दुसरं माझं. पहिलं नाव तिला देताना मला उदार वाटलं होतं.

पुढचं आमच्याकडेच होऊ शकतं. त्या वर्षांत या जिल्ह्यातून बाहेर एकाच प्रकारची बातमी जात होती आणि लोक तिला विटले होते. इथे अमरावतीच्या गच्चीवरून कुठल्या तरी ताऱ्याचं चक्र सापडल्याची बातमी आली. वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर घेतली. कॉलेजात सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फोटो. प्राचार्य भाषणात म्हणाले, "अमरावतीचं नाव दुसऱ्या कशासाठी तरी निघालं, याचं मला समाधान आहे." टाळ्या थांबेनात. नुसरतचे वडील दुकान बंद ठेवून अकोल्याहून आले होते. कार्यक्रमानंतर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सर, अब इसका काम पक्का ना?"

"पक्का," मी म्हणालो.

नुसरत आमच्यापासून दोन हातांवर उभी होती.

क तिनं स्वतःच्या वेळेत मोजला. चार नव्हे, सहा महिने लागले. एका दुपारी येऊन तिनं तीन आलेख टेबलावर ओळीनं मांडले. क च्या तुलनेत आमचा तारा पाच वर्षं जवळपास सपाट होता. क च्या तुलनेत अ मात्र लाटेवर होता. चक्र खरं होतं, फक्त ते शेजाऱ्याचं होतं. अ स्वतःच डागवाला तारा निघाला, आणि त्याच्याभोवती तर एकही ग्रह सापडलेला नव्हता.

"निबंध मागे घ्यावा लागेल, सर," ती म्हणाली. तिनं पत्र लिहूनच आणलं होतं. खाली दोन सह्यांची जागा होती, तिची झालेली होती.

"बघू," मी म्हणालो.

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात चौदा महिने राहिलं. या चौदा महिन्यांत माझी मुलाखत झाली, निकाल लागला, मला बढती मिळाली. या चौदा महिन्यांत नुसरतचा प्रबंध अडकून होता, कारण त्यातलं सर्वांत मोठं प्रकरण त्या लाटेवर उभं होतं. चुकीचं आहे हे कळल्यावर ते तसंच सादर करायला ती तयार नव्हती, आणि निबंध छापील असताना त्याच्या उलट लिहिलेलं प्रकरण मी पुढे पाठवत नव्हतो. दर महिन्याला एकदा ती विचारायची, "सर, ते पत्र?" मी म्हणायचो, एकदा नीट वाचतो. पत्र दहा ओळींचं होतं.

भाऊरावांना सगळं ठाऊक होतं. एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, पोरगी रोज खनाकडं पाहून जाते. काय ठेवलं त्यात येवढं?"

मी चहाचा कप ओढून घेतला. दुर्बिणीची बॅटरी त्यानंतर मला स्वतः चार्जिंगला न्यावी लागायची.

बढतीचं पत्र हातात पडल्यानंतर आठवड्याभरात मी सही केली. पण तिनं लिहिलेल्या पत्रावर नाही. तिच्या पत्रात तुलनेच्या ताऱ्याची निवड चुकल्याचं लिहिलं होतं. ते वाचून कुणीही पुढचं विचारलं असतं, निवड कुणाची? मी नवीन पत्र टाइप केलं. 'मापनातील त्रुटीमुळे लेखक हा निबंध मागे घेत आहेत.' एकच वाक्य.

तिनं ते वाचलं. "सर, त्रुटी मापनात नव्हती."

"अशा सूचना थोडक्यातच लिहायच्या असतात."

हे खोटं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तिला प्रबंध पुढे जायला हवा होता.

मापन कोण करत होतं हे विद्यापीठात सगळ्यांना माहीत होतं.

प्रबंध नव्यानं लिहून तिला पदवी मिळाली तोवर अकोल्याच्या एका कॉलेजातल्या कायम जागेची पहिली जाहिरात निघून गेली होती. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. त्या निवड समितीतल्या एका सदस्यानं मला नंतर लग्नाच्या पंगतीत सहज सांगितलं. म्हणे मुलगी हुशार होती, पण समोर मागे घेतलेला निबंध पडलेला. अध्यक्षांनी विचारलं, "मोजण्यात चूक तुमचीच झाली होती ना?"

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मोजलं मीच होतं. बस. दुसरं काहीच बोलली नाही. जागा दुसऱ्याला गेली." त्यानं द्रोणात मठ्ठा ओतून घेतला आणि विषय बदलला.

मी त्याला तिथेही काही सांगितलं नाही.

नुसरत पातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते. बरीच वर्षं तासिकेवर होती, मग कायम झाली. अकोल्याहून जाऊन-येऊन करते. वडील गेले, दुकान भाऊ चालवतो. पदवीनंतर तिनं एकही तारा मोजलेला नाही. आमच्या त्या ताऱ्याकडे मी अजून पाहतो. तो अजून जवळपास सपाट आहे, ग्रह तीन दिवसांत फिरतोय आणि ताऱ्याला त्याचं काही पडलेलं दिसत नाही. हाही एक निष्कर्षच आहे, आणि तो सर्वांत आधी नुसरतनं काढला होता. प्रबंधात आहे. प्रबंध कुणी वाचत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घेऊन अकोल्याला तिच्या घरी गेलो. रविवार होता. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून, हातातल्या लाल पेनासकट तिनं वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर थांबली.

"'माझी एक विद्यार्थिनी.' ही कोन, सर?"

"तूच. नाव नको म्हणून."

"कोनाला नको?"

मी म्हणालो, तुला त्रास नको म्हणून.

"चूक छापली तेव्हा नाव पूर्ण छापलं होतं, सर. अब्बांच्या नावासकट." तिनं ते शब्द खोडून वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग पुढे वाचत गेली. कुठे काही बदललं नाही. फक्त एका जागी माझे तीन महिने खोडून सहा केले. क मोजायला तिला लागलेल्या वेळाचे. शेवटचं पान माझ्या पश्चात्तापाचं होतं. मला किती वर्षं झोप लागली नाही, मी तिची कशी क्षमा मागतो, वगैरे. ते तिनं दोनदा वाचलं आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मारली.

"हे तुमचं तुमच्याजवळ असू द्या. मला ह्याचं काय करायचं? दुरुस्ती द्यायची ना? मग दुरुस्तीसारखी द्या. तीन ओळींत बसते."

ते पान मी इथे दिलेलं नाही.

दुरुस्ती: आमच्या मागे घेतलेल्या शोधनिबंधातलं सर्व मापन नुसरत अंजुम शेख युसूफ यांनी केलं होतं आणि ते बरोबर होतं. तुलनेचा तारा मी निवडला होता. तो चुकीचा असल्याचं त्यांनी मला छापण्याआधी सांगितलं होतं.